जीसीएसई म्युझिक: दरवर्षी होणाऱ्या त्याच त्या चुका

इंग्लंडमध्ये जीसीएसई (साधारण सोळाव्या वर्षी होणारी शालेय परीक्षा) म्युझिक घेणाऱ्या मुलांचं गुणांचं गणित सगळ्या बोर्डांत सारखंच असतं: वादन-गायनाला 30 टक्के, स्वतःच्या रचनेला 30, आणि ऐकून विश्लेषण करण्याला 40. बऱ्याच वर्षांपासून मी या परीक्षेची तयारी करून घेतोय. गुण जातात ते ठरलेल्या जागी.

सगळ्यात जास्त राग येतो तो झेपत नसलेला पीस निवडण्याचा. एका विद्यार्थिनीने पियानोवर ग्रेड 7 चा (वाद्यपरीक्षांच्या 1 ते 8 पातळ्यांपैकी सातव्या पातळीचा) पीस धरला. घरच्यांचाही हट्ट होता. डाव्या हाताच्या उड्या आल्या की लय रेंगाळायची, सोपा भाग आला की धावायची. सूर बहुतेक बरोबर लागायचे, पण ऐकवत नव्हतं. शेवटी ग्रेड 4 चा पीस घ्यायला लावला, तर ती रुसली. त्याच पिसात पुढे तिला श्वास घ्यायला, हळू-मोठं करायला जागा मिळाली आणि वादन खुललं. एडेक्सेल हे परीक्षा बोर्ड ग्रेड 4 ला ‘स्टँडर्ड’ पातळी धरतं. वरच्या पातळीला थोडा फायदा मिळतो, पण अडखळलात तर तो तिथेच संपतो. माझा नियम साधा आहे: जो पीस झोपेतून उठवलं तरी वाजेल, तोच रेकॉर्ड करायचा. आणि दर आठवड्याला फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकायचं. वाजवताना कान खोटं बोलतात.

सोलो आणि एन्सेम्बल (इतरांसोबतचं वादन-गायन) मिळून किमान 4 मिनिटं हवीत, त्यात एन्सेम्बल किमान 1 मिनिट. स्टॉपवॉच लावा. एन्सेम्बलमध्ये तुमचाच भाग दुसरं कोणी सोबत वाजवत असेल तर तो चालत नाही.

आता रचना. दोन्ही रचना मिळून किमान 3 मिनिटं लागतात. एक बोर्डाने दिलेल्या विषयावर, एक मनाजोगती. आणि मुलं काय करतात? सॉफ्टवेअर उघडतात, चार कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) टाकतात, कॉपी-पेस्ट करत मिनिटं भरतात. वर ड्रम चढवला की झालं म्हणे! हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. परीक्षकाला कल्पना वाढताना ऐकायची असते. बेथोव्हेनने पाचव्या सिंफनीत चार सुरांच्या तुकड्यावर अख्खी पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला भाग, उभी केली. तुम्हाला दोन बार (तालाची दोन आवर्तनं) पुरत नाहीत? मी मुलांना आधी कॉम्प्युटर बंद करायला लावतो. दोन बारची सुरावट गुणगुणायची, कागदावर उतरवायची. मग ती उलटी करा, बेसमध्ये (खालच्या सुरांत) द्या, लय ताणा, मायनर स्केलमध्ये न्या. त्यातली टिकतील ती रूपं ठेवायची, मगच वाद्यं निवडायची. डायनॅमिक्सच्या (आवाज लहान-मोठा करण्याच्या) खुणा शेवटच्या रात्री शिंपडू नका.

विश्लेषणात नुसती नावं लिहिणं ही अर्धवट तयारीची खूण. बेथोव्हेनच्या ‘पाथेटिक’ सोनाटाच्या सुरुवातीला ‘डिमिनिश्ड सेव्हन्थ कॉर्ड आहे’ (ही एक अस्थिर, ताण निर्माण करणारी कॉर्ड) एवढंच लिहून थांबू नका. ती कुठे येते आणि तिच्यामुळे ताण न सुटता कसा लोंबकळत राहतो, हे पुढच्याच वाक्यात यायला हवं. सुरावट पूर्ण करायचा प्रश्न आला तर आधी मनात गा, मग पेन्सिल उचला.