स्क्रूड्रायव्हर सगळ्यात शेवटी

टेप मशीनच्या कामात मला सगळ्यात महागात पडलेली चूक मी पूर्ण काळजी घेऊन केली होती. पाव इंची टेपचं, दोन ट्रॅकचं मशीन होतं आणि आवाजाची वरची धार गेली होती. असं झालं की प्लेबॅक हेडचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाचा, अझिमथ बघायचा, एवढं मला माहीत होतं. अझिमथ म्हणजे हेडमधली बारीक फट टेपच्या प्रवासाला बरोबर काटकोनात आहे की नाही ते. मी कॅलिब्रेशन टेप, म्हणजे ठरलेल्या पातळीचे सूर भरलेली मापाची टेप, लावली, थेट १० किलोहर्ट्झच्या सुरावर गेलो, दोन्ही चॅनेल ऑसिलोस्कोपवर घेतले आणि पडद्यावरच्या अंडाकृतीची तिरकी रेघ होईपर्यंत स्क्रू फिरवला. रेघ झाली. पातळी मात्र तीन-चार डेसिबल कमी दिसत होती. ती मी ट्रेबलचा पॉट (वरच्या सुरांची पातळी बदलणारा फिरता नियंत्रक) वाढवून भरून काढली आणि त्या मशीनवर आठ रिळं डिजिटल करून टाकली.

मग ती रेकॉर्डिंग्ज मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही चॅनेल एकत्र मिसळून, ऐकली गेली. आवाज पोकळ झाला होता.

याचं कारण नीट समजून घ्या, कारण प्रत्येक नवशिक्या इथे अडखळतो. १५ इंच प्रति सेकंद वेगाला १० किलोहर्ट्झचा एक तरंग टेपवर जेमतेम ३८ मायक्रॉन जागा घेतो. हेड अर्ध्या अंशाने कललं तरी एका ट्रॅकपासून दुसऱ्या ट्रॅकपर्यंत अख्खा एक तरंग मागेपुढे होतो. बरोबर जुळलेले चॅनेल आणि एक तरंग सरकलेले चॅनेल, दोन्हींची रेघ ऑसिलोस्कोपवर सारखीच दिसते. पण १० किलोहर्ट्झला जुळल्यासारखे वाटणारे हे चॅनेल ५ किलोहर्ट्झला एकमेकांच्या नेमके उलट असतात आणि मोनोत तो भाग खाऊन टाकतात. आता मी १ किलोहर्ट्झपासून सुरुवात करतो. तिथे तरंग दहापट लांब असतो, त्यामुळे तो आख्खा सरकण्याइतका स्क्रू चुकून फिरत नाही. मग पायरीपायरीने वर जातो. आणि पातळी कमी दिसली तर पॉटला हात लावायच्या आधी थांबतो. त्या दिवशी मीटर खरं तेच सांगत होता.

मूळ बिघाड होता हेडवर बसलेलं तपकिरी किटण. कापसाच्या बोळ्याने ते दोन मिनिटांत निघालं असतं.

तेव्हापासून क्रम ठरला आहे: आधी कान, मग डोळे, मग कापूस, मग मोजमाप, आणि स्क्रूड्रायव्हर सगळ्यात शेवटी. कुठलाही स्क्रू फिरवायच्या आधी मशीन जसं आहे तसं मोजून वहीत लिहा. प्रत्येक पॉटची जागा पेन्सिलने खुणा करून ठेवा. न मोजता फिरवलेला स्क्रू परत होता तिथे नेता येत नाही.

वर्षानुवर्षं बंद असलेलं मशीन थेट मेन्सला लावू नका. आधी आतले मेन्स फिल्टरचे कपॅसिटर बघा. जुन्या मेटलाइज्ड पेपर कपॅसिटरचं पारदर्शक, पिवळसर कवच तडकतं, आत दमट हवा शिरते आणि चालू केल्यावर काही मिनिटांत खोलीभर उग्र धूर होतो. ते आधी बदला, मग व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज हळूहळू चढवा. उघडं मशीन हाताळताना मोठे कपॅसिटर डिस्चार्ज झालेत याची मल्टिमीटरने खात्री करा. इथे घाई करणाऱ्याला मी शिकवायला घेत नाही.

साफसफाईत हेड आणि धातूच्या गाइडसाठी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल. टेप दाबून पुढे ओढणाऱ्या पिंच रोलरच्या रबराला मात्र मी ते लावत नाही, कारण काही रबरं त्याने कोरडी पडतात. सौम्य साबणाच्या पाण्यात ओलावलेलं फडकं तिथे पुरतं. नंतर डीमॅग्नेटायझर, म्हणजे हेडवर साठलेलं चुंबकत्व काढणारं उपकरण. मशीन बंद, टेपा दूर, उपकरण हातभर लांब धरून चालू करायचं, सावकाश हेडजवळ आणायचं, तितकंच सावकाश मागे न्यायचं आणि लांब गेल्यावरच बंद करायचं. हेडजवळ बंद झालं तर काढायला गेलेलं चुंबकत्व उलट जास्तच बसतं. कॅलिब्रेशन टेप यानंतरच लावा. चुंबकत्व राहिलेलं हेड प्रत्येक फेरीला तिचे उंच सूर थोडे थोडे पुसत जातं, आणि ती टेप स्वस्त नसते.

इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेली मुलं यांत्रिकी भाग टाळतात. निम्म्याहून अधिक तक्रारी मला तिथेच सापडल्या आहेत. टेपवरचा ताण गेजने मोजा. थांबताना ज्या रिळातून टेप सुटत असते त्याचा ब्रेक जास्त धरला पाहिजे, नाहीतर टेप ढिली पडून वेटोळं होतं आणि पुढच्या झटक्याला ताणली जाते. कॅपस्टनच्या (टेप ठरल्या वेगाने ओढणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगला सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सांगितलेलं तेलच द्या, तेही थेंबभर.

रेकॉर्डिंगचं जुळवणं प्लेबॅक पूर्ण झाल्यावरच, कारण रेकॉर्ड हेडने काय लिहिलं ते आपण प्लेबॅक हेडमधूनच वाचतो. बायस म्हणजे संगीताबरोबर टेपवर दिला जाणारा, ऐकू न येणारा उच्च वारंवारतेचा प्रवाह. १० किलोहर्ट्झ रेकॉर्ड करत बायस वाढवत जा. पातळी चढते, माथ्याला पोचते आणि उतरू लागते. माथ्यावर थांबायचं नाही, पुढे जाऊन ठरलेले डेसिबल उतरू द्यायचे. १५ इंचांच्या वेगाला हा उतार बऱ्याच टेपांसाठी ३ डेसिबलच्या आसपास असतो, पण नेमका आकडा टेपवर आणि रेकॉर्ड हेडच्या फटीवर ठरतो. इक्वलायझेशन, म्हणजे रेकॉर्डिंग आणि प्लेबॅकमध्ये सुरांची पातळी ठरवणारं प्रमाण, कोणतं तेही आधी बघा. याच वेगाला एनएबी या अमेरिकी प्रमाणाचं ५० मायक्रोसेकंद, आयईसी या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचं ३५. एकाची टेप दुसऱ्यावर वाजवली तर वरच्या सुरांचा तोल जातो.

टेपही ओळखायला शिका. १९७० आणि ८० च्या दशकातल्या पाठीवर काळा लेप असलेल्या कित्येक टेपांचं बाइंडर (चुंबकीय कण टेपला धरून ठेवणारा चिकट थर) हवेतली ओल शोषून चिकट होतं. ॲम्पेक्स ४५६ हे त्यातलं ठळक उदाहरण. वाजवताना टेप किंचाळू लागली तर तिथेच थांबा. अशा टेपा साधारण ५४ अंश सेल्सियसला आठ तास किंवा जास्त वेळ शेकतात आणि मग लगेच ट्रान्सफर करतात. ॲसिटेट या जुन्या प्लास्टिकची टेप मात्र कधीही शेकायची नाही. रीळ उजेडासमोर धरलं की ॲसिटेटमधून प्रकाश आरपार दिसतो.

शिकायला पहिलं मशीन कोणतं, हे मला हमखास विचारतात. स्टुडर ए८० या मोठ्या स्टुडिओ मशीनचं स्वप्न बघा, पण हात बसवायला १९७७ चं रेव्हॉक्स बी७७ घ्या. तीन मोटर, तीन हेड, म्हणजे मोठ्या मशीनचं सगळं तत्त्व एका माणसाला उचलता येईल एवढ्या पेटीत. तेच मशीन तीनदा पूर्ण जुळवा आणि तिन्ही वेळचे आकडे शेजारी मांडा. तिसऱ्यांदा आकडे पहिल्यासारखेच आले तर तुमचा हात स्थिर आहे. काम मिळायला लागेल ते बहुधा संग्रहांच्या डिजिटायझेशनचं. तिथे वेग कमी असला तरी चालतो, पण नोंदी चोख लागतात.

आणि कधी स्वतः रेकॉर्ड केलंत तर टेपच्या सुरुवातीला १ किलोहर्ट्झ, १० किलोहर्ट्झ आणि १०० हर्ट्झ, प्रत्येकी अर्धा मिनिट भरा. डब्यावर वेग, इक्वलायझेशन आणि संदर्भ पातळी लिहा. मला पुन्हा करायला लागलेल्या आठ रिळांपैकी दोनांवर कुणीतरी हे सूर टाकून ठेवले होते. त्या सुरांवर मशीन जुळवून ती दोन मी त्याच दुपारी संपवली. उरलेल्या सहांना पाच दिवस लागले.