गूढ शब्दकोडे कसे सोडवावे आणि त्याची फोड कशी लिहावी

'उलटी वाहिली नदी, झाला गरीब (२)'

हे वाचून पूर, वाहून गेलेले शेत, कर्जात बुडालेला शेतकरी असे काही डोळ्यांपुढे आले असेल, तर कोडेकाराचा डाव साधला. आता पूर विसरा आणि फक्त 'नदी' ही दोन अक्षरे उलट लिहा. दीन. दीन म्हणजे गरीब, आणि कंसातला आकडा अक्षरांचा.

साध्या शब्दकोड्यात नुसते 'गरीब' विचारले असते. मग रंक की दीन, या घोळात तुम्ही उभ्या शब्दांची वाट पाहत बसला असता. गूढ कोड्यात एकाच उत्तराकडे दोन वाटा जातात. एक अर्थाची, दुसरी अक्षरांच्या कसरतीची. दोन्ही एकाच शब्दावर येऊन मिळाल्या की उत्तर पक्के; मागच्या पानावर खात्री करायला जावे लागत नाही.

आधी अर्थ टोकाला शोधा

सूत्रातला, म्हणजे उत्तर सुचवणाऱ्या ओळीतला, अर्थाचा भाग अगदी सुरुवातीला असतो किंवा अगदी शेवटी. मधे नसतो. म्हणून सूत्र वाचले की पेन्सिलीने एक उभी रेघ मारून पाहा: रेघेच्या एका बाजूला अर्थ, दुसऱ्या बाजूला कृती. पटले नाही तर रेघ एक शब्द सरकवा. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह यांच्यावर अजिबात विश्वास ठेवू नका, ते बहुतेकदा दिशाभूल करायलाच असतात. पूर्ण वाक्याचा जो सरळ अर्थ लागतो, त्याच्यावर तर मुळीच नाही.

मग खुणेचा शब्द पकडा

कृतीच्या भागात एखादा शब्द काय करायचे ते सांगत असतो.

'गडबडीत विकता ती रचना (३)'. इथे खूण 'गडबडीत'. वि, क, ता ही अक्षरे विस्कटा: कविता. गोंधळ, मोडतोड, पिसून, नशेत, वेडेवाकडे असे शब्द दिसले की अक्षरांची उलटापालट असल्याचा संशय घ्यावा. मराठीत ही उलटापालट अक्षरांची असते आणि काना-मात्रा अक्षराबरोबरच हलतो. मात्रा सुटी करून दुसऱ्या अक्षराला चिकटवण्याची सवलत काही कोडेकार घेतात. मला ती ढिलाई वाटते. घ्यायचीच तर कोड्याच्या वर तसे छापावे.

उलट, परत, माघारी या खुणा शब्द मागून वाचायला सांगतात; उभ्या शब्दासाठी 'वर चढला' असेही येते. वाल्या कोळ्याने 'मरा मरा' म्हणत रामनाम गाठले ते याच रीतीने.

कधी उत्तर डोळ्यांसमोर छापलेले असते. 'त्याची नजर आतल्या शेजाऱ्यावर (२)'. 'त्याची नजर' यातली जागा सोडून सलग वाचा, मधे चीन सापडेल. आत, पोटात, काही अंशी, दडलेला या त्याच्या खुणा. अडलात की आधी हाच प्रकार तपासा, कारण यात डोक्यापेक्षा डोळे लागतात.

जोडशब्दाला अनेकदा खूणच नसते. 'सामानापाठोपाठ देवीची खूण, मग आले कोकणातले बंदर (४)'. देवळाकडे जाऊ नका. देवी हा रोगही होता आणि त्याची चेहऱ्यावर राहिलेली खूण म्हणजे वण. सामान म्हणजे माल. मालवण.

आता मराठीचे खास दुखणे, आणि खरी गंमतही. इंग्रजीत 'आत', 'शिवाय', 'नंतर' हे सुटे शब्द असतात; आपल्याकडे ते प्रत्यय होऊन शब्दाला चिकटतात. 'बर्फाच्या खड्यात जनावराचे तोंड, हलव्याला हवेच (३)'. यातली खूण शोधताना पूर्ण शब्द चाळत बसलात तर हाती काही लागणार नाही, कारण खूण आहे 'खड्यात' मधला 'त'. बर्फाचा खडा म्हणजे गार. जनावराचे तोंड म्हणजे त्या शब्दाचे पहिले अक्षर, ज. गारेत ज घातला की गाजर. तेव्हा मराठी सूत्र वाचताना प्रत्यय सुटे करून वाचायची सवय लावा: खडा + त, सामान + पाठोपाठ. 'विना', 'हीन', 'बिन' दिसले तर काहीतरी गाळायचे असते. 'बिनडोक आराम' म्हणजे राम, इतके सोपे.

श्लेषाला कसरत लागत नाही, दोन अर्थ शेजारी मांडलेले असतात. 'पाकिटावर लिहितात, पाण्यात सोडतात (२)': नाव. उच्चारसाम्याची सूत्रे इंग्रजीत भरपूर. मराठीत जसे बोलतो जवळपास तसेच लिहितो, त्यामुळे दिन-दीन, सुत-सूत अशा ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्यांपलीकडे फारसे हाती लागत नाही.

चौकटीचा उपयोग

आडवे एकपासून क्रमाने जाऊ नका. सगळी सूत्रे एकदा चाळून लपलेले आणि उलटे शब्द आधी भरा, मग त्यांच्या अक्षरांवरून बाकीचे. एका घरात एक अक्षर, जोडाक्षर असले तरी एकच घर. छेदणाऱ्या शब्दात 'दी' हवे असताना तुम्ही 'दि' लिहिले असेल, तर पुढचा शब्द अडतो आणि दोष सूत्राला मिळतो.

फोड लिहिताना

उत्तर सुचणे आणि ते सिद्ध करणे या दोन वेगळ्या गोष्टी. अनुभवी माणसाला उत्तर बरेचदा नुसत्या अर्थावरून सुचते. तरी फोड लिहावीच. आधी उत्तर, मग कसरत, शेवटी अर्थ:

गाजर: गार (बर्फाचा खडा) मध्ये ज (जनावराचे तोंड). अर्थ: हलव्याला हवेच.

आता सूत्रातला एकेक शब्द खोडत जा. प्रत्येक शब्दाला काम मिळाले पाहिजे. वरच्या मालवणच्या सूत्रात 'मग आले' हे दोन शब्द फक्त सांधा जोडतात, तेवढे चालते. पण एखादा वजनदार शब्द बेकार उरला, तर एक तर उत्तर चुकले आहे किंवा कोडेकार.

कोडेकाराला असे धारेवर धरण्यामागे परंपरा आहे. १९२६ पासून लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये एडवर्ड पॉइस मॅदर्स 'टॉर्कमादा' या नावाने गूढ कोडी रचत होते. टॉर्कमादा हा स्पेनमधल्या छळवादी धर्मन्यायालयाचा प्रमुख; म्हणजे टोपणनावातच कबुलीजबाब. त्यांच्या जागी १९३९ मध्ये डेरिक मॅकनट आले, 'झिमेनीझ' हे तशाच दुसऱ्या प्रमुखाचे नाव घेऊन. १९७२ मध्ये आलेल्या 'अझेड'ने तर देझा या तिसऱ्याचे नाव उलटे करून लावले. मॅकनट यांनी छळाला शिस्त लावली. नेमका अर्थ, न्याय्य कसरत, आणि त्यापलीकडे सूत्रात काही नाही. कोडेकाराने फसवावे जरूर, पण त्याची अक्षरे खोटे बोलता कामा नयेत.

इंग्रजीत हात बसवायचा असेल तर 'द हिंदू'त रोज असे कोडे येते. मराठीत सरावासाठी हे घ्या, याची फोड मी देत नाही:

'लहानग्याच्या मिठीत माकडाचे तोंड, हमालाच्या डोक्यावर ते (३)'