वास गेला की नाक गेलं?

माझी पहिली नोकरी कोकणातल्या एका एमआयडीसीत होती. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ईटीपीकडे, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करतात तिकडे, गेलो, तर सडक्या अंड्यांचा वास. थोड्या वेळाने तो थांबला. सोबतच्या ऑपरेटर काकांना म्हटलं, "वास गेला वाटतं." त्यांनी माझी बाही धरून मला वाऱ्याच्या उलट्या अंगाला खेचत नेलं. "वास आहे तिथंच आहे. तुमचं नाक गेलं."

तो हायड्रोजन सल्फाइड. हवेत त्याचं प्रमाण 100 पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेलं की घ्राणशक्ती मिनिटांत बधिर होते. बरं वाटायला लागलं तर ते धोक्याचंही लक्षण असू शकतं. गॅस मीटर होता हो आमच्याकडे! ऑफिसच्या कपाटात, चार्जिंगला.

कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेच्या या क्षेत्रात येऊ पाहणारे मला आधी कोर्स विचारतात, म्हणून ते उरकून टाकतो. सेफ्टी ऑफिसर व्हायला पदवी किंवा डिप्लोमा, कारखान्यात सुपरवायझर म्हणून अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा लागतो. एमबीबीएस झालेल्यांसाठी सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत एएफआयएच हा औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा कोर्स असतो. कामगारांची भाषा नीट यायला हवी, अशीही एक अट नियमात आहे. तिच्याकडे कुणी बघत नाही, पण माझ्या मते सगळ्यात कामाची तीच. एमएसडीएसचे, म्हणजे रसायनाच्या धोक्यांच्या माहितीपत्रकाचे, सोळाच्या सोळा विभाग इंग्रजीत भिंतीला चिकटवून ड्रम उचलणाऱ्याला काय कळणार?

पुढे मी हॉस्पिटलात आलो. वाटलं, इथे रसायनं कमी. पॅथॉलॉजीच्या ग्रॉसिंग टेबलाशी, म्हणजे फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले अवयवांचे नमुने कापतात तिथे, उभा राहिलो आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. टेक्निशियन हसत म्हणाला, "होते सवय." फॉर्मॅलिनमधलं फॉर्माल्डिहाइड आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत माणसात कॅन्सर करणारं म्हणून पहिल्या गटात नोंदलेलं आहे. सवय नाकाला होते, पेशींना होत नाही. टेबलाचा एग्झॉस्ट चालू होता, पण जाळीवर टिश्यू पेपर धरला तर तो हललासुद्धा नाही. हा टिश्यू पेपर खिशात ठेवत जा. ती मोजणी नव्हे, पण पंखा नुसता आवाज करतोय की हवा ओढतोय, एवढं तरी कळतं.

सीएसएसडीतला, म्हणजे हॉस्पिटलचं सामान निर्जंतुक करणाऱ्या विभागातला, इथिलीन ऑक्साइड वायू आणखी लबाड. अमेरिकेत आठ तासांच्या पाळीला त्याची मर्यादा 1 पीपीएम आहे आणि गोडसर वास जाणवतो तो काहीशे पीपीएमला. म्हणजे वास आला तेव्हा उशीर झालेला असतो. तिथे मॉनिटरच हवा आणि एरेशन (सामानात मुरलेला वायू हवेने काढून टाकणं) पूर्ण झाल्याशिवाय सामान बाहेर काढायचं नाही. घाई ऑपरेशन थिएटरवाल्यांची असते, छातीत जातं सीएसएसडीवाल्याच्या.

सफाईचंही तेच. लादी चकचकीत व्हावी म्हणून हायपोक्लोराइटच्या (ब्लीचच्या) बादलीत टॉयलेट क्लीनरचं अ‍ॅसिड ओतणाऱ्या मावशी मी पाहिल्यात. त्यातून क्लोरीन निघतो. दोन बाटल्या दोन वेगळ्या कपाटांत ठेवल्या, तो प्रकार थांबला. त्याआधीच्या चार प्रशिक्षणांनी थांबला नव्हता.

आणि सुईला तर वासच नसतो.

आमच्या हॉस्पिटलच्या सुई टोचल्याच्या रजिस्टरमध्ये वर्षभर शून्य नोंदी होत्या. शून्य म्हणजे शाबासकी नव्हे, लपवाछपवी. मी आल्यावर तीन महिन्यांत सहा नोंदी झाल्या आणि साहेब माझ्यावरच भडकले. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी बाधित रुग्णाची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीची सुमारे 0.3. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची असते. कंत्राटी मावशींची नावं आमच्या यादीत नव्हती, ती आधी घातली.

त्यातल्याच एक मावशी सुई टोचल्यावर चौथ्या दिवशी बोट दाखवायला आल्या. पिवळी पिशवी भरली म्हणून हाताने दाबताना सुई घुसली होती. ती जायला हवी होती पांढऱ्या डब्यात. एचआयव्ही टाळायची औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांत सुरू करावी लागतात. ती वेळ गेली होती. "मावशी, लगेच का नाही आलात?"

"मुकादमाची सही लागते ना कागदावर. तो खाडा मांडतो."

सहा महिने त्यांच्या तपासण्या चालल्या, सगळ्या निगेटिव्ह आल्या. फॉर्मवरची मुकादमाच्या सहीची जागा मी त्याच दुपारी खोडली. टोचलं की आधी साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायचं, बोट पिळायचं नाही, आणि थेट कॅज्युअल्टीत जायचं, कागद मागाहून. नव्या जागी रुजू झालात की पहिल्या दिवशी तो फॉर्म मागून घ्या आणि त्यावर कुणाकुणाच्या सह्या लागतात ते मोजा.