सरपंचीणबाई, साड्या नंतर वाटा

नवरा सरपंच झाला की बायको आपोआप ‘सरपंचीणबाई’ होते. शपथ नाही, मानधन नाही, खुर्ची नाही, पण दुसऱ्या दिवसापासून पडवीत माणसं येऊन बसतात. साहेब जिल्ह्याच्या कामाला ओरोसला गेलेत म्हटलं तरी उठत नाहीत. “तुम्हीच सांगा ना वहिनी त्यांना.” दिल्लीतही तेच. राष्ट्रपतींच्या पत्नीला आपण देशाची प्रथम महिला म्हणतो, पण घटनेत असं काही पद नाही. २०२० च्या एप्रिलात, टाळेबंदीत, तेव्हाच्या राष्ट्रपतींच्या पत्नी सविता कोविंद राष्ट्रपती भवनाच्या आवारातल्या शक्ती हाटमध्ये शिलाई मशीनवर बसून मास्क शिवत होत्या. निवारागृहांतल्या लोकांसाठी होते ते. फीत कापतानाचे फोटो शंभर पाहिले असतील, लक्षात राहिलं ते ते मशीन.

मी देवगड तालुक्यातल्या समुद्राकाठच्या गावात पाच वर्षं हे बिनखुर्चीचं काम केलं. आता यजमान माजी झालेत आणि मला थोडी फुरसत आहे. ज्यांच्या घरी नुकताच गुलाल पडलाय त्यांच्यासाठी लिहिते.

सुरुवात मी चुकीची केली. पहिल्याच ८ मार्चला शाळेच्या पडवीत कार्यक्रम घेतला, गावातल्या विधवा आणि एकट्या म्हाताऱ्या बोलावल्या, प्रत्येकीला साडी दिली, फोटो काढले. खालच्या वाडीतल्या आक्कांनी साडी घेतली, पदराखाली धरली आणि मंडप रिकामा झाल्यावर माझ्या हातात परत ठेवली. “साडी घेवन मी खय नेसान जाव गो? माझो पगार सा म्हयने येवक नाय, तो बघ आदी.”

पगार म्हणजे निराधारचा किंवा श्रावणबाळचा पैसा. आमच्याकडे कोणी ‘अनुदान’ म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका, अनुदान म्हटलं की म्हाताऱ्यांना ते गुरांच्या गोठ्याचं वाटतं.

तर पहिलं काम म्हणजे एक दोनशे पानी वही घ्या आणि घरोघर जा. सभामंडपात बोलावून विचारलंत तर सगळ्या “बरा चललाहा” एवढंच सांगतात. दुपारी चारनंतर जा. मासे साफ करून, विकून, भांडी घासून तेव्हा बायका जरा टेकलेल्या असतात. सोबत गावचा पुढारी नको, अंगणवाडीच्या बाई किंवा आशाताई असल्या तर उत्तम, कारण कुठल्या घरात चूल पेटत नाही हे त्यांना आधीच ठाऊक असतं. मी तीनच गोष्टी विचारायची. पगार येतो का? रेशन मिळतं का? रात्री सोबतीला कोण असतं? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ लागला तर तिथे चहा घ्या, उठू नका.

आता पगाराचं. अठरा ते पासष्ट वयाच्या निराधार विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना, आणि पासष्टच्या पुढे श्रावणबाळ. २०२३ च्या जुलैपासून महिना दीड हजार झाले, आधी हजार होते; दिव्यांगांना २०२५ च्या ऑक्टोबरपासून अडीच हजार. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो, दिव्यांगांना ही मर्यादा ५०,००० आहे. वर्षाला एकवीस हजारात कोण जगतं हा प्रश्न मीही विचारून पाहिला, उत्तर मिळालं नाही. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतूत. सोबत वयाचा पुरावा, राज्यात पंधरा वर्षं राहत असल्याचा पुरावा, विधवेला पतीच्या मृत्यूचा दाखला, आधार आणि बँकेचं पासबुक.

ही यादी भिंतीवर लावता येते. अडतं ते नावात. आमच्या पिढीपर्यंत लग्नात नाव बदलायचे, तांदळात अंगठीने लिहायचे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं सुलोचना, रेशनकार्डावर सासरचं लक्ष्मी, आधारवर टाइप करणाऱ्याने लिहिलेलं लक्षी, आणि वाडीत सगळे म्हणणार बाबीची आये. एका काकींनी स्वतःचं आधार माझ्या हातात बघून ठाम सांगितलं, “ह्यां माझां नाव न्हय.” खरंच नव्हतं. म्हणून अर्ज भरायच्या आधी सगळे कागद पडवीत एका रांगेत मांडा आणि प्रत्येक कागदावरचं नाव मोठ्याने वाचा. जिथे फरक असेल तिथे आधार आधी दुरुस्त करून घ्या, मग बाकीचं. उलट क्रमाने गेलात तर दोन खेपा वाढतात, आणि देवगडची एक खेप म्हणजे म्हातारीचा आख्खा दिवस. दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला स्टँपपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. कोणी आणायला सांगितला तर ‘कुठल्या आदेशाने’ एवढं शांतपणे विचारायचं.

अर्ज दिला की पोच घ्यायची. शिक्का, तारीख, नंबर. २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, ठरल्या मुदतीत काम करून द्यायचा, पण हातात पोच नसेल तर दाद कशावर मागणार? मी पोचेचा फोटो काढून ठेवायची आणि मूळ कागद त्या बाईकडेच द्यायची. सुरुवातीला मूळही माझ्याच कपाटात ठेवत होते, हरवू नये म्हणून. त्याचा परिणाम असा झाला की बाया तहसीलात विचारायच्या ऐवजी मलाच विचारायला लागल्या. प्लास्टिकची पिशवी द्या, त्यात तिचे कागद तिच्या पेटीत राहू देत. तलाठ्याकडे बोलायचंही तिनेच, आपण शेजारी उभं राहायचं. (तलाठ्यांना हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. गावात कोणी म्हणत नाही.)

आक्कांचा पगार का थांबला ते सांगते, कारण ही गोम घरोघर आहे. पासबुक घेऊन आम्ही बँकेत गेलो. नोंद नाही. तहसीलात गेलो, तिथे ऑपरेटरने संगणकावर बघून सांगितलं, पैसे गेलेत, दर महिन्याला गेलेत. आक्का माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच खाल्ले. झालं होतं असं: पैसे आता डीबीटीने जातात, म्हणजे खाते क्रमांकावर नाही तर आधारवर. आधार ज्या बँकेशी शेवटचं जोडलं गेलं असेल त्या बँकेत पैसा पडतो. कधीतरी बाजाराच्या दिवशी टेबल मांडून बसलेल्या कुणी पोराने आक्कांचा अंगठा घेऊन दुसऱ्याच बँकेत खातं उघडलं होतं. त्यांना वाटलं होतं ते गॅसचं काहीतरी आहे. सहा महिन्यांचे सगळे पैसे त्या खात्यात सुखरूप पडून होते.

हे घरबसल्या कळतं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघता येते, कुठली बँक जोडलीय ते दिसतं. फक्त ओटीपी लागतो. आणि आक्कांच्या आधारला जोडलेला मोबाइल? “थंय झिलाचो नंबर हा.” झील म्हणजे मुलगा, तो मुंबईकडे, नालासोपाऱ्यात, रात्रपाळीला. संध्याकाळी सातला त्याला उठवलं, ओटीपी घेतला, मग कुठे उलगडा झाला. तेव्हापासून वहीत मी एक रकाना वाढवला, आधारला कोणाचा नंबर आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी आखा. ओटीपी मात्र वहीत, फोनवर, कुठेच साठवायचा नाही, आणि म्हातारीचं एटीएम कार्ड आपल्याकडे ठेवायचं नाही, तिने कितीही हातात कोंबलं तरी.

दुसरी अडचण अंगठ्याची. काजू फोडणाऱ्या बायकांचे हात एकदा बघा. टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी काळी पडून सोलवटते, रेषाच उरत नाहीत. सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलणाऱ्यांचं तेच. मशीनवर अंगठा ठेवायचा, लाल दिवा, पुन्हा ठेवायचा, पुन्हा लाल, आणि मागची रांग चुकचुकायला लागते. अशा वेळी दहाही बोटं लावून बघायला सांगा, करंगळी कधीकधी लागते. आदल्या रात्री खोबरेल चोळून हात मऊ करावेत आणि निघताना साबणाने धुवावेत, तेलकट बोट मशीन घेत नाही. तरीही नाहीच लागलं तर डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवता येते, तसं आधार केंद्रात मागायचं. ‘नाही लागत, घरी जा’ हे उत्तर घेऊन परतायचं नाही.

वर्षातून एकदा हयातीचा दाखला लागतो. जिवंत असल्याचा कागद. हे सांगताना मला अजून अवघड होतं. ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर मोठी लिहा.

किनाऱ्यावरचं एक दुःख घाटावरच्या लोकांना कळत नाही. होडी जाते, माणूस येत नाही, देहही मिळत नाही. त्याच्या बायकोला कागदोपत्री विधवा म्हणता येत नाही. कायद्याने सात वर्षं त्या माणसाची खबर नसेल तर न्यायालय तो वारला असं गृहीत धरू शकतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात, घरात कुणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नसताना, बेपत्ता असल्याची पोलिसात नोंद करून तिची प्रत घ्यावीच लागते. सात वर्षं त्या कागदापासून सिद्ध करायची असतात. मच्छीमार सोसायटी आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयालाही लेखी कळवा. हे काम मी एकदा केलंय. ती बाई माझ्याशी महिनाभर बोलली नाही, कारण तिच्या लेखी मी तिच्या नवऱ्याला मारून टाकलं होतं. मग एके दिवशी आली आणि ती प्रत मागून घेऊन गेली.

मारहाणीच्या घरात मी सपशेल चुकले. बायको रात्री धावत आली, सकाळी मी नवऱ्याला बोलावलं, दोघांना पडवीत समोरासमोर बसवलं, यजमानांनी दम दिला, त्याने देवाची शपथ घेतली, चहा झाला. मला फार बरं वाटलं. आठ दिवसांनी ती हात गळ्यात बांधून शेतात दिसली, आणि या वेळी ती आमच्याकडे आली नाही. समेट घडवणं हे आपलं काम नाही. आपलं काम तिला एकटीला ऐकायचं, १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (तातडीची मदत) हे नंबर तोंडपाठ करून द्यायचे, दवाखान्यात नेऊन जखमेची नोंद करायची आणि संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत पोचवायचं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून ती थांबली असेल तर तालुक्याच्या न्यायालयातली विधी सेवा समिती बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील देते. फोन नंबर १५१००. आणि तिचं नाव गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये, मदतीचं आवाहन म्हणूनसुद्धा नाही.

पैसा कुठून आणायचा? स्वतःच्या पर्समधून फार काढू नका, संपतो आणि मग राग येतो. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. बऱ्याच गावांत ते मार्चअखेरीला घाईघाईने कशावरतरी उडतात. आमच्याकडे एक वर्ष खुर्च्या आल्या होत्या. महिला सभेत डिसेंबरातच बायकांनी मागणी लिहून दिली की ठरावात घ्यावी लागते. नवरा सरपंच असला तरी मागणी बायकांच्या सह्यांनी गेली पाहिजे, तुमच्या शब्दावर नको. आचारसंहिता लागली की वाटप बंद, अगदी गोळ्यासुद्धा तुमच्या हातून नकोत.

हळदीकुंकवाचं थोडं. हेरवाडने, तिकडे शिरोळ तालुक्यात, ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, पाठोपाठ सरकारचं परिपत्रक आलं, आणि आमच्याकडेही टाळ्या वाजवून ठराव झाला. संक्रांतीला विधवा बायका आल्याच नाहीत. आमंत्रण दिलं होतं की! दुसऱ्या वर्षी मी आमंत्रण दिलं नाही, काम दिलं. तिळाचे लाडू वळायला सकाळीच बोलावलं. लाडू झाले, दुपार झाली, त्या घरातच होत्या. वाण लुटायला माझ्या चुलतसासूबाईंना बसवलं, त्यांच्यापुढे कुणाची जीभ चालत नाही. त्यांनी पहिल्यांदा लाडू वळणाऱ्यांनाच हळदीकुंकू लावलं. दोघींनी लावून घेतलं, एक मागच्या दाराने निघून गेली. तिच्या मागे मी गेले नाही. देवरुखच्या गोदूबाई, पुढे आनंदीबाई कर्वे, बाल्यातच विधवा झाल्या आणि १८९३ मध्ये त्यांनी अण्णासाहेबांशी लग्न केलं, तर अण्णासाहेबांच्या मुरुड गावाने दोघांना वाळीत टाकलं. सव्वाशे वर्षांहून जास्त झाली, आणि बाई अजून मागच्या दाराने जाते.

मुदत संपायच्या सहा महिने आधी वहीची झेरॉक्स काढा. एक प्रत अंगणवाडीच्या बाईंकडे, एक बचत गटाच्या अध्यक्षांकडे. मारहाणीची पानं त्यातून आधी काढून घ्या. आमच्या गावात पुढची सरपंच बाईच आली, राखीव जागेवर, आणि कार्यालयात खुर्चीत तिचा नवरा बसतो. म्हणून तिची प्रत मी कार्यालयात नाही, विहिरीवर दिली.

आक्कांची साडी अजून माझ्या कपाटात आहे. गेल्या गणपतीत विचारलं, आता तरी न्या. रंग आवडत नाही म्हणाल्या.