ऊतींमधील जीवाणू शोधण्यासाठी अभिरंजनाची निवड

विशेष अभिरंजन (ऊतीचा काप रंगवण्याची पद्धत) मागवण्यापूर्वी हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या निळ्या-गुलाबी रंगांची नेहमीची स्लाइड बारकाईने पाहावी. तिच्यात जीवाणूंचे मोठे पुंजके निळसर दिसतात आणि विखुरलेले बहुधा निसटतात, परंतु दाह कोणत्या प्रकारचा आहे हे तिच्यावरूनच कळते आणि पुढची निवड त्यावरच ठरते.

पू किंवा न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी असेल तर ग्रॅम अभिरंजन करावे; त्यात ग्रॅम-धन जीवाणू जांभळे आणि ग्रॅम-ऋण लाल दिसतात. हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांची १८८४ सालची मूळ पद्धतही फुप्फुसाच्या ऊतींवर काम करतानाच घडली. मात्र ऊतीची पार्श्वभूमीही लालसर होत असल्याने ग्रॅम-ऋण जीवाणू तिच्यात हरवतात. त्यांची शंका असल्यास ब्राउन-हॉप्स हा ग्रॅम अभिरंजनाचा प्रकार निवडलेला बरा. प्रतिजैविके सुरू असलेल्या रुग्णात ग्रॅम-धन जीवाणूही लाल दिसू शकतात, म्हणून केवळ रंगावरून निदान लिहू नये.

ग्रॅन्युलोमा (दाहपेशींची गाठ) दिसल्यास झील-नील्सन करावे; आम्लयुक्त अल्कोहोलने धुतल्यावरही रंग धरून ठेवणारे क्षयासारखे जीवाणू त्यात दिसतात. कुष्ठरोगाची शंका असेल तर मात्र फाइट-फराको हीच योग्य पद्धत, कारण कुष्ठजंतूंचे मेणयुक्त आवरण नाजूक असते आणि झायलीन व तीव्र आम्लयुक्त अल्कोहोल यांमुळे त्यांची रंग धरून ठेवण्याची क्षमता जाते. फाइट पद्धतीत पॅराफिन काढताना झायलीनमध्ये तेल मिसळून ते आवरण जपले जाते आणि पुढे आम्लही सौम्य वापरले जाते. त्वचेच्या किंवा चेतातंतूच्या नमुन्यात फेसाळ मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) दिसत असताना केवळ झील-नील्सन नकारात्मक आले म्हणून थांबणे रुग्णाच्या हिताचे नाही. नोकार्डिया या तंतुमय जीवाणूसाठीही सौम्य आम्लच हवे.

स्पायरोकीट (मळसूत्री जीवाणू) आणि बार्टोनेला हा बारीक जीवाणू यांच्यासाठी वॉर्थिन-स्टॅरी हे चांदीचे अभिरंजन उपयोगी पडते, कारण चांदीचा थर बसून बारीक जीवाणू जाड दिसू लागतात. त्यात तंतू आणि मेलॅनिनही काळे होतात, त्यामुळे आकार पटल्याशिवाय होकार देऊ नये. जठरातील हेलिकोबॅक्टरसाठी साधे गिम्सा अभिरंजन बहुतेक वेळा पुरते.

प्रत्येक खेपेला खात्रीचा सकारात्मक नमुना (ज्यात ते जीवाणू असल्याचे आधीच माहीत आहे असा) सोबत रंगवावा. वाचन ऑइल इमर्शनखाली (तेलाचा थेंब लावून वापरायच्या उच्च क्षमतेच्या भिंगाखाली) करावे आणि फोकस वरखाली करून पाहावा: जीवाणू ऊतीच्या पातळीच्या वर तरंगत असतील तर ते बहुधा वॉटर बाथमधून (काप तरंगवण्याच्या कोमट पाण्याच्या भांड्यातून) किंवा नळाच्या पाण्यातून आलेले असतात. जीवाणू थोडे असले की कोणतेही अभिरंजन नकारात्मक येऊ शकते. म्हणून संसर्गाची शंका असल्यास नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकण्यापूर्वीच त्याचा एक तुकडा निर्जंतुक डबीत कल्चरसाठी (जीवाणू वाढवून ओळखण्यासाठी) वेगळा काढावा.