सारंगखेड्याहून घोडा घरी आणताना

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या बाजारात लोक घोड्याचे दात बघतात, अंगावरच्या केसांचे भोवरे बघतात, चाल बघतात. गाडीची चौकशी मात्र पैसे मोजून झाल्यावर! खरं तर तापीकाठावरून धुळे, नाशिक, संगमनेर करत पुण्याकडे येताना घोडा सगळा वेळ चार पायांवर तोल सावरत राबत असतो. त्याचे हे कष्ट कमी करायचे, एवढंच आपल्या हातात असतं.

आधी कागद. 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांप्रमाणे घोडा प्रवासाला तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा अहवाल सौदा ठरण्याआधीच मागा. हा रोग माणसालाही होतो, आणि 'नंतर पाठवतो' म्हणणाऱ्याचा अहवाल सहसा येत नाही.

मग ट्रेलर. रबरी मॅट उचलून खालची फळी पाहा. मुतानं ती आतून कुजते आणि वरून काही दिसत नाही. स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघितलं की लगेच कळतं. जोडणीचा हुक, साखळी, ब्रेकचे दिवे आणि स्टेपनीसह सगळे टायर तपासा. थंडी आहे म्हणून ताडपत्रीनं चारी बाजू बंद करू नका. घोडा फक्त नाकानं श्वास घेतो, आणि कोंडलेल्या हवेत लिदी-मुताचा वास व वैरणीची धूळ थेट फुप्फुसात जाते. खिडक्या उघड्या ठेवा, गारठा असेल तर अंगावर झूल घाला.

चढवताना घाई नको. ट्रेलर सपाट जागी, गाडीला जोडलेल्या अवस्थेतच उभा करा. पायांना पट्ट्या बांधा. घोडा फाळक्यापाशी, म्हणजे चढायच्या फळीपाशी थबकला तर त्याला हुंगू द्या. मागून काठी मारली की पुढच्या वेळी तो आणखी अडतो. दोरी हाताला गुंडाळू नका. आत गेला की आधी मागचा आडवा बार लावा, मगच डोकं बांधा. उतरवताना नेमकं उलट: आधी डोकं सोडा, मग बार काढा. हा क्रम चुकला तर बांधलेला घोडा मागे रेटतो, तोंडावरच्या म्होरकीला हिसका बसतो, घोडा बिथरतो आणि त्याला सांभाळणारा मोतद्दार मध्ये सापडतो.

म्होरकीची दोरी कडीला थेट न बांधता सुतळीच्या फासात बांधा, म्हणजे संकटात सुतळी तुटेल, मान वाचेल. मान थोडी खाली घेता येईल इतकी ढील द्या, पण दोरीत पाय अडकेल इतकी नको. डोकं तासन्‌तास वर बांधून ठेवलं तर घोड्याला श्वासमार्गातला कफ बाहेर टाकता येत नाही, आणि प्रवासानंतर होणाऱ्या न्यूमोनियाचं हे एक मोठं कारण आहे.

दोन कप्प्यांच्या ट्रेलरमध्ये एकच घोडा असेल तर त्याला उजवीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला ठेवा. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते आणि रस्त्याचा उतारही कडेला, डावीकडेच असतो.

चालवताना वाटेतल्या राहुड आणि चंदनापुरी या दोन्ही घाटांत ट्रेलरचा खरा कस लागतो. उतारावर आधीच खालचा गिअर टाका. वळणाच्या अलीकडेच वेग उतरवा आणि ट्रेलर पूर्ण सरळ झाल्याशिवाय वाढवू नका. शेजारच्या सीटवर पाण्यानं काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवलंय असं समजून चालवलं की बहुतेक चुका टळतात.

दर तीन-चार तासांनी गाडी थांबवून अर्धा तास इंजिन बंद ठेवा, पाणी दाखवा. महामार्गावर खाली मात्र उतरवू नका. परक्या पाण्याला घोडे तोंड लावत नाहीत, म्हणून त्याच्या ओळखीच्या पाण्याचे कॅन भरून घ्या. निघण्याआधी पोटभर चंदी (दाण्याचा खुराक) नको, पोटशूळ होऊ शकतो. वाटेत ओलसर केलेली वैरण पुरे. झोपेचं इंजेक्शन देण्याचा सल्ला हमखास मिळतो, तो मानू नका. गुंगीतल्या घोड्याला तोल सावरता येत नाही.

पोचल्यावर उतरवून सावकाश फिरवा, आधी पाणी आणि वैरण द्या. चंदी दुसऱ्या दिवशी, तीही थोडी. पुढचे तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. 38.5 अंश सेल्सिअसच्या वर गेला, खोकला आला किंवा खाणं सुटलं तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. पागेत आधीचे घोडे असतील तर नव्याला दोन-तीन आठवडे वेगळा बांधा. त्याची बादली, तोबरा (तोंडाला बांधायची चंदीची पिशवी) आणि खरारासुद्धा (अंग घासायचा ब्रश) वेगळा.