पाळी येत नाही म्हणून हार्मोन टेस्ट करताय? या चुका टाळा

लॅबच्या काउंटरवर बसते त्यामुळे रोज बघते, तीन महिने पाळी नाही म्हणून कोणीतरी येतं आणि थेट म्हणतं, सगळे हार्मोन लावा. अहो पण आधी प्रेग्नन्सी टेस्ट? लग्न झालेलं असो नसो, बाळ अंगावर पीत असो, वय ४५ असो, पहिली तीच, आणि सगळ्यात स्वस्त पण तीच. लाजून ती टाळतात आणि बाकीच्यांवर हजारो घालवतात.

मग काहीजणी "दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त द्या" वाचून महिनोन्‌महिने थांबतात. पाळीच नाही तर दुसरा दिवस आणणार कुठून! डॉक्टर अशा वेळी कुठल्याही दिवशी रक्त घ्यायला सांगतात, नाहीतर गोळ्या देऊन पाळी आणतात. आधी नियमित होती तर ३ महिने, पहिल्यापासून मागेपुढे असेल तर ६ महिने, त्यापुढे थांबू नका. मुलीला १५ वर्षांपर्यंत आलीच नाही तरी दाखवा.

सगळ्यात जास्त घोळ प्रोलॅक्टिनचा, म्हणजे अंगावरचं दूध आणणाऱ्या हार्मोनचा. साधारण २५ (ng/mL) पर्यंत नॉर्मल, रिपोर्टमध्ये ३८ दिसलं की लगेच मेंदूत गाठ आहे का म्हणून रडारड. २०० च्या वर गेलं तर गोष्ट वेगळी, पण ३८? जिने चढून धापा टाकत आलात, सुईची भीती, झोपेतून उठून तशाच आलात, एवढ्यानंही वाढतं. थायरॉईड कमी पडत असेल तरी वाढतं, म्हणून टीएसएच, म्हणजे थायरॉईडची टेस्ट, सोबत बघतात. आणि ती ॲसिडिटीची कॅप्सूल, पॅन्टोप्राझोलसोबत डॉमपेरिडॉन असलेली, आपल्याकडे चहासारखी घेतात, त्यातलं डॉमपेरिडॉन प्रोलॅक्टिन चांगलंच वाढवतं. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही वाढतं, पण त्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत हं, डॉक्टरांना विचारा.

केसांसाठी बायोटिन घेताय? बऱ्याच मशीनवर टीएसएच खोटं कमी दिसतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना एफएसएच, एलएच (मेंदूकडून अंडाशयाला निरोप नेणारे हार्मोन) करून तर काही कळतच नाही, गोळीच त्यांना दाबून ठेवते.

एफएसएच कमी आलं म्हणजे छान असंही नाही. क्रॅश डाएट नाहीतर अति व्यायाम करणाऱ्या मुलींचं एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिऑल (अंडाशयात बनणारं हार्मोन) तिन्ही कमी येतात, कारण मेंदूकडून अंडाशयाला निरोपच जात नाही. चाळिशीच्या आत एफएसएच खूप जास्त आणि इस्ट्रॅडिऑल कमी, तर अडचण अंडाशयात असू शकते, मग गायनॅककडे लवकर जा. नुसतं एएमएच (अंडाशयात बीजं किती शिल्लक त्याचा अंदाज देणारी टेस्ट) जास्त आलं म्हणून पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी मागेपुढे होणारा त्रास) ठरवून मोकळं होऊ नका.

मी तर आता फॉर्मवर महिनाभरातल्या सगळ्या गोळ्या लिहून घेते. बहुतेकजणी म्हणतात काहीच नाही, आणि पैसे काढायला पर्स उघडली की ॲसिडिटीची स्ट्रिप बाहेर पडते.